जमखंडीची निळी रेषा: विजयदुर्ग, हेलियम आणि ध्रुवित प्रकाश

दरवर्षी १८ ऑगस्ट जवळ आला की समाजमाध्यमांवर एक वाक्य फिरू लागते: 'हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला.' सोबत किल्ल्यातील चौथऱ्यांचे छायाचित्र असते. परिसरातील लोक त्यांना 'साहेबाचे कट्टे' म्हणतात. साहेब म्हणजे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर. १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात त्यांनी या कट्ट्यांवर दुर्बीण रोवली आणि सूर्यावरील नवे मूलद्रव्य ओळखले, अशी ही कथा आहे.

कट्टे खरे आहेत, साहेबही खरा आहे, ग्रहणही खरे आहे. फक्त ते ग्रहण दुसरे आहे.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ते लंडनच्या युद्ध खात्यात कारकून होते आणि फावल्या वेळात सूर्याचा अभ्यास करीत. त्यांनी मागवलेले नवे वर्णपटदर्शक यंत्र त्यांच्या हाती पडले तेच ऑक्टोबरमध्ये. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी. तोपर्यंत हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षे होत आली होती. शिवाय, ऑगस्टच्या भर पावसात कोकणकिनाऱ्यावर ग्रहण पाहायला कोणता खगोलज्ञ तळ ठोकील, एवढा साधा प्रश्न जरी विचारला असता तरी ही कथा इतकी दूर गेली नसती.

सालाची चूक क्षुल्लक वाटेल. पण तिच्यामुळे खरी हकीकत झाकली गेली, आणि ती अधिक रोचक आहे. १८६८च्या त्या दिवशी मराठी सरदारांच्या एका संस्थानात दोन अधिकारी दोन वेगळी उपकरणे घेऊन एकाच सूर्याकडे पाहत होते. एक जण प्रकाशाचा रंग मोजत होता, दुसरा प्रकाशाचे ध्रुवण. या दोन मोजमापांचा खरा मिलाफ होण्यास पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली.

ते संस्थान म्हणजे पटवर्धनांची जमखंडी. आज ते गाव कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात मोडते. १८६८च्या ग्रहणाचा खग्रास पट्टा पश्चिम किनाऱ्यावरून देशावर चढून विजापूर, जमखंडी, गुंटूर असा मछलीपट्टणपर्यंत गेला होता. खग्रास अवस्था पाच मिनिटांहून अधिक टिकणार होती. इतकी सवड ग्रहण क्वचितच देते.

सवडीला महत्त्व येण्याचे कारण नवे होते. १८५९-६० मध्ये किरखोफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले होते की तापलेला प्रत्येक वायू आपापल्या ठरावीक रंगरेषा सोडतो. माणसाच्या बोटांचे ठसे असावेत तशा या रेषा असतात. सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषांना फ्राउनहोफर यांनी आधीच अक्षरे दिलेली होती: तांबडी 'सी', पिवळी 'डी', निळी 'एफ'. त्यांपैकी 'सी' आणि 'एफ' हायड्रोजनच्या, तर 'डी' ही सोडियमची जोडरेषा. खग्रास ग्रहणात चंद्रबिंबाच्या कडेने ज्या गुलाबी ज्वाला दिसतात त्या कशाच्या बनल्या आहेत, हे आता विचारता येणार होते. याआधीच्या ग्रहणांत हा प्रश्न विचारण्याचे साधनच नव्हते.

जमखंडीचे पथक लंडनच्या रॉयल सोसायटीने दिलेली उपकरणे घेऊन आले होते. प्रमुख होते लेफ्टनंट जॉन हर्शेल, भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील अधिकारी. युरेनस शोधणारे विल्यम हर्शेल हे त्यांचे आजोबा आणि खगोलज्ञ सर जॉन हर्शेल हे वडील. घराण्याची तिसरी पिढी पटवर्धनांच्या मुलखात आभाळाकडे डोळे लावून बसली होती, आणि आभाळात ढग होते. ढग सरकत, क्षणभर फट पडे, पुन्हा पडदा येई. त्या फटींमधून हर्शेल यांनी ज्वालेवर फट-भिंग रोखले आणि त्यांना तीन झळझळीत रेषा दिसल्या: तांबडी, नारिंगी आणि निळी. काळ्या पार्श्वभूमीवरच्या या तेजस्वी रेषांनी प्रश्नाचा निकाल लागला. ज्वाला तप्त वायूच्याच होत्या.

पुढचा भाग इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम थांबून वाचावा असा आहे. हर्शेल यांनी आपल्या अहवालात प्रत्येक रेषेविषयी स्वतःची खात्री किती, हेही नोंदवले. नारिंगी रेषा 'डी'च आहे, याबद्दल त्यांना शंका नव्हती, मात्र 'उपकरणाच्या कुवतीपुरते' अशा आशयाची पुस्ती त्यांनी जोडली. निळी रेषा 'एफ'शी जुळते हे सिद्ध होत नाही, ती थोडी अलीकडे असावी, असे त्यांचे मत पडले. तांबडीचे स्थान निश्चित सांगायला ते कचरले. आज आपल्याला ठाऊक आहे की निळी रेषा हायड्रोजनची 'एफ'च होती आणि नारिंगी रेषा 'डी' नव्हती. जिथे त्यांना खात्री होती तिथे ते चुकले, जिथे शंका होती तिथे उत्तर सरळ होते. पण त्यांची ती पुस्ती मात्र अचूक ठरली. उपकरणाची कुवत, म्हणजे अगदी जवळजवळच्या दोन रेषा वेगळ्या दाखवण्याची क्षमता, हाच पुढच्या शतकभराचा कळीचा मुद्दा होता.

सोडियमच्या जोडरेषेची तरंगलांबी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. हर्शेल यांनी पाहिलेली रेषा ५८७.६ नॅनोमीटरवर होती. दीड-दोन नॅनोमीटरांच्या त्या फटीत एक अख्खे मूलद्रव्य लपलेले होते. गुंटूरला मेजर टेनंट यांनीही ती 'डी'च समजली. मछलीपट्टणला पॉगसन यांनी ती 'डी'वर किंवा 'डी'जवळ असल्याची सावध नोंद केली.

जमखंडीतील दुसरे अधिकारी लेफ्टनंट कॅम्पबेल. त्यांच्याकडे ध्रुवणदर्शक होता. प्रकाश ही लहर आहे आणि तिची कंपने प्रवासाच्या दिशेला काटकोनात होतात. साध्या प्रकाशात ती सर्व बाजूंना सारखी असतात, पण एखाद्या कणावर आपटून प्रकाश विखुरला की काही दिशांची कंपने वरचढ ठरतात. असा प्रकाश म्हणजे ध्रुवित प्रकाश. ग्रहणात काळ्या चंद्राभोवती जे मोतिया प्रभामंडल उजळते, त्याचा प्रकाश कॅम्पबेल यांना ठळकपणे ध्रुवित आढळला, आणि ध्रुवणाची प्रतले चाकाच्या आऱ्यांप्रमाणे सूर्याच्या केंद्रातून जाणारी होती. गुंटूरच्या पथकातील कॅप्टन ब्रॅनफिल यांनाही तेच दिसले. अर्थ उघड होता. प्रभामंडल बव्हंशी सूर्याचाच विखुरलेला प्रकाश आपल्याकडे पाठवते.

पण मग त्या प्रकाशात सूर्याच्या काळ्या रेषा दिसायला हव्या होत्या. टेनंट यांना प्रभामंडलाचा वर्णपट सलग दिसला, रेषांवाचून. ध्रुवण सांगत होते की हा सूर्याचा विखुरलेला प्रकाश आहे. वर्णपट मात्र त्याला साक्ष देत नव्हता. दोन्ही निरीक्षणे खरी होती, आणि तरीही ती जुळेनात. हे कोडे १९३१च्या सुमारास जर्मनीच्या ग्रोट्रियन यांनी सोडवले. प्रभामंडलातील मुक्त इलेक्ट्रॉन इतक्या प्रचंड वेगाने धावतात की त्यांच्यावरून विखुरलेला प्रत्येक किरण थोडा ताणला वा आकसला जातो आणि काळ्या रेषा पुसून जातात. शिटी वाजवत जवळ येणाऱ्या आगगाडीचा स्वर चढा आणि दूर जाणाऱ्या गाडीचा उतरता वाटतो, तोच हा डॉपलर परिणाम. हा परिणाम लक्षात ठेवावा, कारण कथेच्या शेवटी तोच पुन्हा वाट अडवतो.

हेलियमचे श्रेय मग कोणाचे? गुंटूरला एका फ्रेंच व्यापाऱ्याच्या घरी उतरलेले जांसेन यांनी ज्वालांच्या रेषा इतक्या तेजस्वी पाहिल्या की दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, त्यांनी ग्रहणावाचून त्या पुन्हा पाहून दाखवल्या. तिकडे लॉकियर यांनी २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे तेच साधले. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबर १८६८ रोजी वाचली गेली, आणि पुढे १८७२ मध्ये दोघांच्या मुखवट्यांचे एकत्र पदक काढण्यात आले. ते पदक ज्वाला पाहण्याच्या नव्या रीतीसाठी होते. हेलियमचा त्याच्याशी संबंध नव्हता. पिवळी रेषा 'डी'पासून वेगळी आहे, हे निर्विवाद मोजून तिला 'डी-३' ठरवणे आणि ती पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात वायूची नाही, असे रसायनज्ञ फ्रँकलंड यांच्यासह प्रयोगशाळेत पडताळणे, हे लॉकियर यांचे खरे काम. ते इंग्लंडमध्ये झाले. हेलियम हे नाव १८७१ मध्ये विल्यम थॉमसन यांच्या भाषणातून जाहीर झाले. १८९५ मध्ये रॅम्से यांना क्लेव्हाइट या खनिजातून तोच वायू मिळाला. तेव्हाही शंका उरलीच. रुंगे आणि पाशेन यांनी दाखवले की क्लेव्हाइटमधील वायूची पिवळी रेषा एक नसून अगदी लगटून असलेली जोडी आहे, आणि सूर्यावरची तर एकेरी समजली जात होती. मग सूर्यावरची रेषा अधिक कुवतीच्या उपकरणांनी पुन्हा पाहण्यात आली. तीही जोडरेषाच निघाली, आणि ओळख पक्की झाली.

याच काळात पुण्यात एक माणूस नेमक्या याच प्रश्नावर काम करीत होता. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी दिलेली पाच हजारांची देणगी आणि मुंबई सरकारने घातलेली तितकीच भर यांतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, १८८८ मध्ये 'महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा' उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातून मोठी परावर्ती दुर्बीण आली.

नायगमवालांचे १८९१ मधील काम मृग नक्षत्रातील तेजोमेघाविषयी होते. त्या मेघाच्या वर्णपटातील मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे, असा सिद्धान्त खुद्द लॉकियर मांडत होते. विश्वातील सारे काही उल्कांच्या थव्यांतून घडले, या त्यांच्या कल्पनेचा तो आधारच होता. तो खरा असता तर रेषेची एक कड पट्ट्यासारखी विसविशीत दिसायला हवी होती. नायगमवालांनी ती वेगवेगळ्या परिस्थितींत तपासली आणि दरवेळी रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव दिसली. अमेरिकेतील कीलर यांची मोजमापेही लॉकियर यांच्या विरोधात गेली होती. साम्राज्याच्या राजधानीतील एका मातब्बर शास्त्रज्ञाचा सिद्धान्त पुण्यातल्या वेधाने टिकू दिला नाही, ही घटना विजयदुर्गाच्या कोणत्याही दंतकथेहून अधिक अभिमानाची आहे. ती जवळजवळ कोणाला माहीत नसते. ती हिरवी रेषा कोणत्या वायूची, हे कळायला १९२७ साल उजाडले. बोवेन यांनी दाखवले की दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती रेषा आहे.

आता १८९८. हे ग्रहण मात्र खऱ्या अर्थाने महाराष्ट्राचे म्हणावे लागेल. सावली कोकणात उतरली, सोलापूरकडून वऱ्हाडात गेली आणि पुढे उत्तर भारतात. मुंबई-पुण्यात प्लेगची दहशत होती, रँडच्या वधाला वर्षही झाले नव्हते, आणि अशा दिवसांत विजयदुर्ग, जेऊर, पुलगाव, वऱ्हाडातील तळणी अशा ठिकाणी दुर्बिणींचे तळ पडले. विजयदुर्गावर लॉकियर आपल्या प्रिझम-कॅमेऱ्यांसह होते आणि 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेचे खलाशी त्यांना मदतीला होते. साहेबाचे कट्टे जोडायचेच तर या दिवसाशी जोडावेत. जेऊरच्या माळावर नायगमवाला होते, ज्यांचा अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेच लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेलही होते (जमखंडीच्या कॅम्पबेलांशी यांचा घोटाळा करू नये). तळणीला जॉन एव्हर्शेड होते, जे पुढे कोडईकनालला गेले आणि सौरडागांतील वायूच्या प्रवाहाचा शोध लावून विख्यात झाले.

सावली जेमतेम दोन मिनिटे टिकली. तेवढ्यात विजयदुर्ग आणि जेऊर या दोन्ही ठिकाणच्या छायाचित्रांनी एक जुनी चूक पकडली. प्रभामंडलाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा १८६९पासून ठाऊक होती. ती ५३१.७ नॅनोमीटरवर आहे असे गृहीत धरून तिची गाठ सूर्याच्या एका काळ्या रेषेशी घातली गेली होती. या छायाचित्रांवरून ती प्रत्यक्षात ५३०.३च्या आसपास असल्याचे निष्पन्न झाले. पुन्हा दीडेक नॅनोमीटरचीच गोष्ट. ही रेषा 'कोरोनियम' नावाच्या कल्पित मूलद्रव्याच्या नावे बराच काळ जमा होती, पण १९४०च्या दशकाच्या आरंभी स्वीडनच्या एडलेन यांनी ती तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची असल्याचे सिद्ध केले. लोखंडाची अशी अवस्था व्हायला दशलक्ष अंश तापमान लागते. विजयदुर्गावरील खरी कमाई ही आहे, आणि ती हेलियमच्या कथेपायी कोणी सांगत नाही.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि पुण्याची वेधशाळा बंद पडली. दुर्बीण कोडईकनालला रवाना झाली. 'भावनगर दुर्बीण' हे नाव तिला तिथे चिकटले, पुणे नावातून गळाले.

जमखंडीत शेजारी-शेजारी असूनही परस्परांशी न बोललेली दोन मोजमापे, रंग आणि ध्रुवण, यांना एकत्र आणणारी पहिली वाट १८९६ मध्ये झेमान यांनी उघडली. चुंबकीय क्षेत्रात वर्णरेषा रुंदावते, फाटते आणि तिचे तुकडे ठरावीक रीतीने ध्रुवित होतात, हे त्यांनी दाखवले. १९०८ मध्ये हेल यांनी हीच युक्ती वापरून सौरडागांतील चुंबकत्व मोजले. मात्र वायूच्या रेषेचे सूक्ष्मातिसूक्ष्म अंतरंग पाहायचे तर एक अडथळा कायम होता, तोच डॉपलर परिणाम. नळीतील हायड्रोजनचे अणू साध्या तापमानालाही सेकंदाला दोन किलोमीटरहून अधिक वेगाने सैरावैरा धावतात. काही प्रकाशाच्या उगमाकडे, काही उलट. परिणामी प्रत्येकाची रेषा किंचित सरकते आणि हजारो बारीक रेघा एकमेकींत मिसळून एक जाड पट्टा उरतो. उपकरण कितीही कुवतीचे घेतले तरी उपयोग नाही, कारण ही पुसटता खुद्द वायूमध्येच असते.

यावरचा एक देखणा तोडगा १९७६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात कार्ल वीमन आणि थिओडोर हेन्श यांनी काढला. त्यांनी एकाच लेसरचा झोत दोन भागांत विभागून वायूच्या नळीतून परस्परविरुद्ध दिशांनी सोडला. एक झोत जोरकस. त्याचे ध्रुवण वर्तुळाकार, म्हणजे कंपनाची दिशा मळसूत्रासारखी फिरत पुढे जाणारी. दुसरा झोत क्षीण आणि एकाच सरळ दिशेत कंप पावणारा. क्षीण झोताच्या वाटेवर नळीच्या दोन्ही टोकांना दोन ध्रुवक काटकोनात बसवलेले, त्यामुळे एरवी पलीकडे अंधार. धावणाऱ्या अणूला समोरून येणारा झोत चढ्या स्वराचा आणि मागून येणारा उतरत्या स्वराचा भासतो. म्हणून तो एका वेळी दोहोंपैकी एकालाच प्रतिसाद देऊ शकतो. झोतांच्या रेषेत ज्याला गती नाही, अशा अणूलाच दोन्ही झोत सारखे लागू पडतात. जोरकस झोत अशा अणूंना एका दिशेने वळवून उभे करतो. ध्रुवित प्रकाशाने अणू असे वळवता येतात, हे फ्रान्सच्या कास्लर यांनी आधीच दाखवले होते आणि त्यासाठी त्यांना १९६६चे नोबेल मिळाले होते. वळलेले अणू क्षीण झोताचे ध्रुवण किंचित बदलतात, आणि दुसऱ्या ध्रुवकापलीकडच्या अंधारात प्रकाशाची एक तिरीप झिरपते. ती तिरीप केवळ स्थिर अणूंची साक्ष असते. लक्षावधी धावत्या अणूंचा गलबला त्या काटकोनातील ध्रुवकांपाशीच थोपवला जातो.

या पद्धतीला ध्रुवण वर्णपटशास्त्र म्हणतात. तिने एकेका बारीक रेघेचे विद्युत क्षेत्रामुळे पडलेले तुकडेही सुटे दाखवले. पुढे वीमन यांना २००१ मध्ये आणि हेन्श यांना २००५ मध्ये, वेगळ्या कामांसाठी, नोबेल मिळाले.

१९७६च्या त्या पहिल्या प्रयोगासाठी त्यांनी निवडलेली रेषा होती हायड्रोजनची निळी, ४८६ नॅनोमीटरची. फ्राउनहोफर यांच्या वर्णमालेत तीच 'एफ', जिच्याविषयी १८६८ मध्ये जमखंडीच्या ढगांमधून पाहताना जॉन हर्शेल यांनी 'सिद्ध होत नाही' असे नोंदवून ठेवले होते.